सशासाठी डॉक्टर: सातारा ते पुणे, सोळा महिन्यांचा अनुभव

मागच्या वर्षी फेब्रुवारीत एका शनिवारी रात्री आमच्या भुरीने गाजराकडे पाठ फिरवली. भुरी म्हणजे आमची सशीण, तेव्हा जेमतेम दहा महिन्यांची. कोपऱ्यात अंग आखडून बसली होती, डोळे अर्धे मिटलेले, आणि जवळ गेलं की दात करकरल्याचा बारीक आवाज यायचा. लेक म्हणाली, 'आई, तिच्या लेंड्या बघ, मिरीएवढ्या झाल्यात.' सकाळपर्यंत त्याही थांबल्या.

त्या दिवसापासून आजवर सोळा महिन्यांत मी सातारा ते पुणे अकरा फेऱ्या केल्या. ससा, गिनीपिग, पक्षी, कासव असे प्राणी पाहणाऱ्या डॉक्टरांकडे. आमच्या जिल्ह्यात ज्यांच्याकडे असा जीव आहे त्यांना उपयोग व्हावा म्हणून सगळं सविस्तर लिहिते आहे, चुका आणि खर्चासकट. दवाखान्यांची नावं मुद्दाम लिहीत नाही.

रविवारी सकाळी आम्ही जवळच्या डॉक्टरांकडे गेलो. माणूस अतिशय चांगला, रात्री दोन वाजता अडलेल्या म्हशीसाठी मोटारसायकल काढून निघणारा. त्यांनी पोटाला हात लावला, जंतुसंसर्ग असेल म्हणाले आणि अमॉक्सिसिलिनचं पातळ औषध दिलं, वजनाच्या हिशेबाने, कुत्र्याच्या पिल्लाला देतात तसं. दोन डोस गेले. भुरीने तोंडाला काहीच लावलं नाही. सोमवारी पहाटे पाचला आम्ही निघालो.

पुण्यातल्या डॉक्टरांनी तिला टेबलावर घेण्याआधी पहिला प्रश्न विचारला, 'तोंडातून कुठलं अँटिबायोटिक दिलंय का?' मी बाटली दाखवली. ती त्यांनी बाजूला ठेवली आणि म्हणाल्या, 'हे आता अजिबात द्यायचं नाही.' सशाचं पचन त्याच्या मोठ्या आंधळ्या आतड्यातल्या, म्हणजे आतड्याच्या एका बंद पिशवीतल्या, जिवाणूंवर चालतं. अमॉक्सिसिलिनसारखं पेनिसिलिन गटातलं औषध तोंडावाटे गेलं की हे उपयोगी जिवाणू मरतात, त्यांच्या जागी विष तयार करणारे वाढतात आणि ससा जुलाबाने जाऊ शकतो. गिनीपिग आणि हॅमस्टरचंही तसंच. कुत्र्याला, माणसाच्या बाळाला रोज दिलं जाणारं औषध सशाला मारू शकतं हे ऐकून माझे हातपाय गार पडले. भुरीला पुढे दोन दिवस पातळ जुलाब झाले. त्यातून ती वाचली.

मग त्यांनी काय काय केलं ते सांगते, कारण डॉक्टरला आपल्या प्राण्याची माहिती आहे की नाही हे मला त्या पाच मिनिटांत कळायला लागलं. टेबलावर आधी टॉवेल अंथरला, म्हणजे पाय घसरून ती घाबरणार नाही. वजन ग्रॅममध्ये घेतलं: १,४६०. कानांना हात लावून ते गार आहेत का पाहिलं. पोट चारही बाजूंनी हलकं चाचपलं, स्टेथोस्कोपने आतड्यांचा आवाज ऐकला. आणि कान तपासायचं दिव्याचं नळकांडं तोंडात घालून दाढा पाहिल्या. आमच्या गावात तिच्या दाढा कुणी पाहिल्याच नव्हत्या. पुढचे दात दिसतात, दाढा दिसत नाहीत.

दाढांतच कारण होतं. सशाचे दात आयुष्यभर वाढत राहतात, पुढचे तर आठवड्याला दोनेक मिलिमीटर. गवत तासन्‌तास चघळलं तरच ते झिजतात. आम्ही भुरीला गाजर, कोबी, पोळी आणि दुकानातल्या गोळ्या घालत होतो. प्रेमाने, पोटभर. झिजायला काही मिळालंच नाही, म्हणून खालच्या दाढांना जिभेच्या बाजूने टोकं आली आणि त्यांनी जीभ सोलली. खाताना दुखतं म्हणून तिने खाणं कमी केलं. खाणं कमी झालं की सशाचं आतडं मंदावतं, आत वायू धरतो, पोट दुखतं, आणि दुखतं म्हणून ती आणखीच खात नाही. ससा बारा तास उपाशी राहिला तर तातडीने दाखवायचं असतं. आम्ही छत्तीस तास घालवले होते.

आधी एक्स-रे काढला, कारण आतड्यात खरंच काही अडकलं असेल तर आतडं हलवायचं औषध द्यायचं नसतं. तसं काही नव्हतं. मग कातडीखाली कोमट सलाईन, दुखणं थांबवायला मेलॉक्सिकॅम, आणि गवताच्या भुकटीचं पातळ खाद्य सिरिंजने गालाच्या कडेने. ते भरवायला मला तिथेच शिकवलं: तिला टॉवेलमध्ये गुंडाळायचं, उताणी करायची नाही, एका वेळी एक मिली, ती चावते आणि गिळते आहे हे पाहून पुढचं. चार दिवसांनी तब्येत सावरल्यावर भूल देऊन दाढांची टोकं घासली.

भुलीची मला फार धास्ती होती. डॉक्टरांनी ती खोटी ठरवली नाही, हे मला आवडलं. त्यांनी आकडे सांगितले: ब्रिटनमध्ये २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत भुलीशी संबंधित मृत्यूंचं प्रमाण कुत्र्यांत सुमारे ०.१७ टक्के होतं, मांजरांत ०.२४ आणि सशांत १.३९. म्हणजे धोका कितीतरी पट जास्त. आणि आपण तो कशाने कमी करतो तेही सांगितलं: अंग गरम ठेवणं, आधी सलाईन, आणि शुद्धीवर आल्यावर लवकरात लवकर खायला लावणं. 'आदल्या रात्रीपासून उपाशी ठेवू का?' असं मी विचारलं, तर म्हणाल्या, 'मुळीच नाही. सशाला उलटी होत नाही. रात्रभर उपाशी ठेवलं तर आतडं थांबेल.' मी मधल्या काळात दुसऱ्या एका दवाखान्यात फोन करून दर विचारले होते, तिथून मला 'रात्री दहानंतर काही देऊ नका' असं सांगितलं गेलं होतं. तेव्हापासून कुणी मला सशासाठी डॉक्टर विचारला की मी सांगते, फोनवर हा एकच प्रश्न विचार. उत्तर काय येतं त्यावर ठरव.

गवताचं थोडं लांबण लावते, कारण इथे आपल्याकडच्या लोकांची फसगत होते. 'गवत घाला' म्हटल्यावर मी शेजारच्या गोठ्यातून लसूणघास आणला. हिरवागार, कोवळा, भुरीने मिटक्या मारत खाल्ला. पुढच्या भेटीत डॉक्टरांनी तो बंद करायला लावला. वाढत्या पिल्लाला चालतो, पण मोठ्या सशाला त्यातलं कॅल्शियम जास्त होतं. सशाच्या शरीरातलं जादा कॅल्शियम लघवीवाटे जातं आणि मूत्राशयात चिखलासारखा गाळ साचतो. त्यांनी हरळी सुचवली, रस्त्याकडेची किंवा फवारणीची नाही, धुऊन निथळलेली. त्याच्या जोडीला मागवलेलं टिमोथीचं वाळलेलं गवत, किलोला सातशे रुपये. सुरुवातीचे आठ दिवस भुरीने टिमोथीला तोंड लावलं नाही. मग मी गोळ्या दिवसाला दोन चमच्यांवर आणल्या आणि ती खायला लागली. आता दिवसभर तोंड चालू असतं. त्यानंतर नोव्हेंबरमध्ये एकदाच दाढा घासाव्या लागल्या.

जुलैची गोष्ट सांगितल्याशिवाय हा अनुभव पुरा होणार नाही. सासूबाई तिला लपून बिस्किटं द्यायच्या. त्यांना ती नातवंडासारखी, मी रागावू शकले नाही. गोडाने पोट बिघडलं, मऊ लेंड्या शेपटीखाली चिकटून राहिल्या आणि पावसाळ्याच्या माश्यांनी तिथे अंडी घातली. संध्याकाळी लेकीने उचललं तर खाली बारीक अळ्या. पुण्याला पोचायला किमान तीन तास, बाहेर मुसळधार, घाटात वाहतूक अडलेली. मी भुरीला घेऊन पुन्हा त्याच जवळच्या डॉक्टरांकडे गेले. फेब्रुवारीतलं मी त्यांना तोवर सांगितलंच नव्हतं. त्या दिवशी सांगितलं.

ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, 'मला सशाचं कुणी शिकवलं नाही, ताई. माझं आयुष्य गाई-म्हशींत गेलं. पण अळ्या काढायला मला शिकवावं लागणार नाही.' जनावराच्या जखमेत अळ्या पडल्या की ते एरवी टर्पेंटाइन घालतात. या वेळी त्यांनी बाटलीला हात लावण्याआधी माझ्याच मोबाईलवरून पुण्याच्या डॉक्टरांना फोन लावला. टर्पेंटाइन नको, कोमट सलाईनने धुवा, चिमट्याने एकेक काढा, दुखण्याचं इंजेक्शन अमुक इतकं, असं ठरलं. पाऊण तास ते वाकून बसले होते. केस कापले, अळ्या वेचल्या, पुन्हा धुतलं, पुन्हा पाहिलं. एवढ्या मोठ्या हातांनी इतक्या नाजूक कातडीला ओरखडाही येऊ दिला नाही. पैसे घेतले दोनशे. तेव्हापासून नखं कापणं, कातडीखाली सलाईन, इंजेक्शनं हे सगळं साताऱ्यातच होतं. काही वेगळं वाटलं की दोघं डॉक्टर एकमेकांशी बोलतात. त्यांच्या खिशातल्या डायरीत आता सशाला न चालणाऱ्या औषधांचं एक पान आहे. कुत्र्यांच्या गोचिडांसाठी मानेवर टाकतात ते फिप्रोनिलचे थेंब त्यात पहिले लिहिले आहेत. दुकानदाराने तेच मला 'सशालाही चालतं' म्हणून देऊ केले होते.

ऑक्टोबरमध्ये, ऊन कमी झाल्यावर, गर्भाशय काढायची शस्त्रक्रिया केली. एकटी आहे, पिल्लांचा प्रश्नच नाही, मग कशाला, असं मलाही वाटलं होतं. पण सशिणींमध्ये वय वाढलं की गर्भाशयाचा कर्करोग फार मोठ्या प्रमाणात होतो, म्हणून तयार झाले. सकाळी अकराला आत नेली, चारला तिने माझ्या हातातून कोथिंबिरीची काडी ओढली तेव्हाच घरी सोडलं. नऊ हजार रुपये लागले.

आता न पटलेल्या गोष्टी. पुण्यातला दवाखाना रविवारी बंद आणि रात्री कुणी नाही. त्याला मी डॉक्टरांना दोष देत नाही, एकट्या माणसाने किती करायचं, पण आजारी पडलेला ससा सोमवारची वाट पाहू शकत नाही. पहिल्या काही भेटींत कुत्र्यांच्या भुंकण्यात दीड तास बसावं लागलं आणि भुरीच्या काळजाचे ठोके हाताला लागत होते. मी सांगितल्यावर त्यांनी ससे आणि पक्ष्यांसाठी दुपारी दोन ते चार वेगळी वेळ ठेवली, हे मात्र लगेच केलं. तपासणीचे दर वेळी सातशे रुपये, त्यावर गाडीचं डिझेल आणि टोल. पहिल्या आजारपणातच पंधरा हजारांच्या वर खर्च झाला. ससा मिळाला होता सहाशेला.

आणि उन्हाळा. तिशीच्या पुढे पारा गेला की सशाला सोसत नाही, त्याला घाम येत नाही, उष्णता कानांतून जाते. एप्रिल-मे मध्ये आम्ही पहाटेच निघतो, बर्फाची बाटली फडक्यात गुंडाळून पिंजऱ्यात ठेवते, ती त्याला टेकून झोपते. शिरवळला पशुवैद्यकीय महाविद्यालयाची पाटी दिसते तेव्हा लेक दर वेळी विचारते, इथे सशाचं शिकवतात का. तिला बारावीनंतर तिथेच जायचं आहे.

दुपारच्या त्या वेळेत भेटलेली माणसं आठवतात. एक आजोबा त्यांचा कॉकाटील, म्हणजे छोटा तुरेवाला पोपट, घेऊन यायचे. पक्षी आजार शेवटपर्यंत लपवतो, म्हणून ते त्याचं वजन रोज सकाळी वहीत लिहायचे. त्यांचं पाहूनच मी वजनकाटा घेतला. दुसरे एक जण दारातूनच परत गेले, त्यांच्या पिशवीत स्टार कासव होतं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ते घरी ठेवता येत नाही, आपला हिरवा पोपटही नाही. डॉक्टर त्यांच्या मागे धावत गेल्या आणि वनविभागाकडे कसं सुपूर्द करायचं ते समजावलं. आफ्रिकन ग्रे पोपट पाळणाऱ्यांना त्या २०२४ च्या नियमांनुसार केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी केली का, हे आठवणीने विचारतात. त्या कासवाचं पुढे काय झालं हे मला कधी कळलं नाही, पण त्याचं मऊ पडलेलं कवच डोळ्यांसमोरून जात नाही.

वजनकाटा साडेचारशे रुपयांचा, स्वयंपाकघरातलाच. दर रविवारी भुरीला स्टीलच्या पातेल्यात बसवून वजन घेते आणि कॅलेंडरवर लिहिते. मार्चमध्ये एका आठवड्यात ती साठ ग्रॅमने उतरली. खात होती, उड्या मारत होती, बाहेरून काहीच दिसत नव्हतं. फोटो पाठवला, दुसऱ्या दिवशी बोलावलं, डाव्या वरच्या दाढेला गालाकडून नुकतंच टोक येत होतं. भूल द्यावी लागली नाही, दुखण्याचं औषध आणि जास्तीच्या हरळीवर निभावलं.

काल रविवार होता. १,८९० ग्रॅम. सासूबाईंनी चष्मा लावून काट्यावरचा आकडा वाचला आणि कॅलेंडरवर स्वतः लिहिला.