‘हप्ता पाच तारखेला ठेवू की दहा?’ – विक्री शिकायला गेले आणि ४९,५७० ला विकली गेले

आधी आकडा सांगते, कारण भेटेल तो आधी तेच विचारतो. ४९,५७० रुपये. त्यात ४१,३०० ‘प्रोफेशनल सेल्स’ नावाच्या पंचेचाळीस दिवसांच्या कोर्सची फी, ५९० कर्जाची प्रोसेसिंग फी, ६,५०० ‘फील्ड किट’ आणि १,१८० परीक्षा फी. परीक्षा झालीच नाही. आजपर्यंत खिशातून गेलेले २३,३७०, आणि अजून आठ हप्ते जायचेत त्यांचे २६,२००. हिशेब चोख आहे. हिशेब लिहिणं हाच माझा धंदा आहे, आणि खरी लाज तिथेच आहे.

सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत एका टॉवेलच्या कारखान्यात चौदा वर्षं अकाउंट्स बघते. दिवाळीनंतर आमचा मार्केटिंगचा माणूस सोडून गेला. मालक म्हणाले, ऑर्डर आणणारं कुणी मिळालं तर २८,००० देईन. माझा पगार १७,५००. मला माल कळतो. हातात घेतला की टॉवेल किती जीएसएमचा, म्हणजे किती वजनदार कापडाचा, ते सांगते, कुठल्या मालात किती सुटतात तेही पाठ आहे. फक्त समोरच्या व्यापाऱ्याशी बोलायला तोंड उघडत नाही. म्हणून शिकायला गेले. नातेवाइकांत काही जण ‘हाव नडली’ म्हणून मोकळे झालेत, त्यांच्यासाठी हे मुद्दाम लिहिते. पैसे दुप्पट करायला नव्हते गेले हो, शिकायला गेले होते.

संक्रांतीला गड्ड्याच्या जत्रेत होम मैदानावर एका स्टॉलवर लकी ड्रॉचं कुपन भरलं होतं. मिक्सरसाठी. नाव, नंबर, ‘काय शिकायला आवडेल’. तीन दिवसांनी फोन आला. मिक्सर नाही लागला, पण ‘स्कॉलरशिप’ लागली! कुपनावर नंबर लिहू नका, एवढं तरी माझ्यावरून शिका.

सात रस्त्याजवळच्या एका कॉम्प्लेक्समध्ये दुसऱ्या मजल्यावर ऑफिस. भिंतीवर सिंहांची राजमुद्रा असलेलं ‘भारत सरकार’चं सर्टिफिकेट, फ्रेम करून. ते बघूनच मी निम्मी विरघळले. ते होतं उद्यम नोंदणीचं. ही नोंदणी फुकट होते, माहिती आपली आपणच भरायची असते, आणि तिचा अर्थ एवढाच की अमुक नावाने एक धंदा आहे. आमच्या मालकांची मी स्वतः भरून दिली आहे. स्वतः! तरी त्या फ्रेमपुढे बसून मला वाटलं, सरकारमान्य दिसतंय.

समोर एक पंचविशीतली मुलगी. चहा आणला. चाळीस मिनिटं मला माझ्याबद्दल विचारत राहिली. पगार किती, घरात कमावणारे किती, मुलगा कितवीला, पाच वर्षांनी कुठे असावंसं वाटतं. खरं सांगते, हे मला कुणी कधी विचारलं नव्हतं. मग तिने कागदावर ६०,००० लिहिले, त्यावर काट मारली, खाली ३५,०००. अधिक १८ टक्के जीएसटी, ६,३००. एकूण ४१,३००. “हा रेट आज सहापर्यंतच आहे ताई, आणि बॅचमध्ये दोनच जागा उरल्यात.” तिच्या मागच्या काचेतून वर्ग दिसत होता. प्लॅस्टिकच्या खुर्च्या एकात एक घालून छतापर्यंत रचून ठेवलेल्या. दोनच जागा.

मी म्हटलं, एवढे एकदम जमायचे नाहीत. ती म्हणाली, “एकदम कुठं मागतोय? २,००० भरा, बाकीचे बिनव्याजी. ३,२७५ चे बारा हप्ते. हप्ता पाच तारखेला ठेवू की दहा?”

“दहा,” मी म्हणाले. पगार सातला होतो ना आमचा.

हे पुन्हा एकदा वाचा. कोर्स घेते असं मी कुठेच म्हटलेलं नाही. घरी विचारून सांगते, हे वाक्य ओठावर होतं. तिने वेगळाच प्रश्न टाकला आणि मी गुणी बाळासारखं त्याचं उत्तर दिलं. पुढच्या दहा मिनिटांत “फॉर्म इंग्रजीत आहे ताई, मी भरते” म्हणून माझा फोन तिच्या हातात, तीन ओटीपी मीच वाचून दाखवलेले, आणि एका कर्ज देणाऱ्या कंपनीची मी कर्जदार. ‘हप्त्याची सोय’ म्हणजे माझ्या नावावरचं कर्ज, आणि कंपनी ते पैसे थेट क्लासवाल्यांना देऊन टाकणार, हे तिने सांगितलं नाही, मी विचारलं नाही. अशा ॲपच्या कर्जात काही दिवस असे असतात की मुद्दल आणि तेवढ्या दिवसांचं व्याज देऊन दंडाशिवाय बाहेर पडता येतं. रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. ती मुदत करारातच लिहिलेली असते. माझा करार ईमेलला आला होता. मी तो मार्चमध्ये उघडला.

माझे वडील तीस वर्षं चाटी गल्लीत चादरीच्या दुकानात कामाला होते. गिऱ्हाइकापुढे पंधरा चादरी उलगडायचे, आणि ते न घेता उठलं तर म्हणायचे, “जाऊन या, चार दुकानं बघून या, माल इथंच आहे.” त्यांनी कधी कुणाला घड्याळ दाखवलं नाही. त्यांच्या पोरीला सहा वाजायच्या आत निर्णय घ्यायला लावला!

आणि पावती. ज्या गोष्टीने मला अजून रात्री झोप लागत नाही, ती ही. पावतीवर जीएसटी नंबर छापला होता. तो पंधरा अक्षरांचा असतो. पहिले दोन आकडे राज्याचे, महाराष्ट्राचे २७, पुढची दहा अक्षरं पॅनची, मग तीन. दिवसाला चाळीस बिलं मी टॅलीत चढवते, एखाद्या व्यापाऱ्याचा नंबर चुकला तर फोन करून झापते. या पावतीवर चौदा अक्षरं होती. चौदा! ती पावती दीड महिना माझ्या पर्समध्ये होती, बसमध्ये दोनदा काढून बघितली, रकमेवरून बोट फिरवलं. नंबर मोजला नाही. जीएसटीच्या पोर्टलवर कुणाचाही नंबर टाकून नाव बघता येतं, फुकट, अर्ध्या मिनिटात. पैसे द्यायच्या आधी बघा, तिथेच उभं राहून, त्यांच्या देखत.

क्लास चौदा दिवस झाले. पहिल्या आठवड्यात टाळ्या, आरशासमोर ‘मी विजेता आहे’ आणि टायची गाठ. बायकांनाही टायची गाठ. मग एक मोहोळकडचा तरुण सर आला, त्याने मात्र चार दिवस खरं शिकवलं. आधी आपला माल सांगत सुटू नका, समोरच्याची अडचण विचारा. विकत घ्यायचा अधिकार कुणाला आहे ते आधी शोधा, नाहीतर महिनाभर मुनीमजीला चहा पाजत बसाल. भाव सांगितला की गप्प बसा, स्वतःच घाबरून सूट देऊ नका. ‘महाग आहे’ म्हणणाऱ्याला ‘कशाच्या मानाने?’ असं विचारा. तो कधी दुसऱ्याच्या भावाशी तुलना करत असतो, कधी त्याच्याकडे पैसेच नसतात, आणि कधी त्याला नुसतं टाळायचं असतं, तिन्हीला उत्तर वेगळं. आणि नाही म्हणालेल्याकडेही पुन्हा जा. या चार दिवसांचे कुणी ४,००० मागितले असते तर मी हसत दिले असते. त्यालाही दोन महिने पगार नव्हता, हे नंतर कळलं.

पाचव्या दिवशी त्याने सौदा पक्का करण्याच्या युक्त्या घेतल्या. फळ्यावर लिहिलं, गिऱ्हाइकाला ‘घेणार का?’ विचारायचं नाही, दोन पर्याय द्यायचे, दोन्हीत ‘हो’ गृहीत. उदाहरण म्हणून म्हणाला, “माल सोमवारी पाठवू की बुधवारी?” सगळे वहीत उतरवून घेत होते. माझं पेन थांबलं. कानात एकच वाक्य, पाच तारखेला की दहा. आजच्या दिवसाचा रेट, दोनच जागा, आधी घरची चौकशी, सगळं फळ्यावर ओळीने लिहिलेलं. ज्या धड्याचे पैसे भरले होते तो माझ्यावर आधीच वापरून झाला होता.

तरी उठून आले नाही. का, ते विचारू नका. भरलेल्या पैशाचा राग माणसाला जागेवरून हलू देत नाही. उलट पुढच्याच आठवड्यात ‘फील्ड किट’चे ६,५०० भरले. साबण आणि चहाच्या पुड्या, आणि दोन नवीन माणसं आणली की डोक्यामागे १,५०० परत. हे काय असतं ते तुम्हाला सांगायला नको. माणसं जोडून पैसा फिरवण्याच्या पिरॅमिड योजनेला थेट विक्रीच्या डिसेंबर २०२१ च्या नियमांनी बंदी आहे, हे मी आता तावातावाने सांगते. तेव्हा मी नणंदेला घेऊन गेले. तिने २,००० भरले. ते मी तिला परत दिले, वरच्या हिशेबात धरलेले नाहीत. ती अजून नीट बोलत नाही.

मार्चमध्ये एका सोमवारी कुलूप. खाली जागामालक उभा, त्याचंही भाडं थकलेलं.

पोलीस ठाण्यात गेले. पहिल्या दिवशी साहेब बंदोबस्ताला. दुसऱ्या दिवशी अंमलदार म्हणाले, “ताई, सही तुमची, ओटीपी तुम्हीच दिला, चौदा दिवस शिकलात बी. ह्यात फसवणूक कुठं हाय? दिवाणी मॅटर हाय ते.” म्हणाले सायबरकडे जा. सायबरला म्हणाले, तुम्ही ऑफिसात जाऊन व्यवहार केलाय, हा ऑनलाइन गुन्हा नाही, ठाण्यातच द्या. पुन्हा ठाण्यात. तिथे हद्दीचा प्रश्न निघाला. क्लास एका हद्दीत, मी राहते दुसऱ्या हद्दीत, जणू चोर माझ्या घरी राहायला आला होता. गुन्हा हद्दीबाहेरचा असला तरी नोंदवून घ्यायचा असतो असं मी म्हटलं तर एक जण म्हणाला, “लई शिकलेल्या दिसताय, मग फसलात कशा?” चार फेऱ्या, चार अर्ध्या दिवसांची रजा, अर्ज पाच वेळा लिहून घेतला. पोच मागितली तर “ठेवून जा की, विश्वास नाय का?” विश्वास! पोच घेतल्याशिवाय खुर्चीवरून उठू नका. मी तिसऱ्या वेळी नाही उठले, तेव्हा कुठे शिक्का बसला.

कर्जाची कंपनी वेगळीच. क्लास बंद पडला हा आमचा विषय नाही, आमचा करार तुमच्याशी. एक हप्ता थांबवला तर दिवसातून अकरा फोन, त्यातला एक आमच्या मालकांना. तो हप्ता भरून टाकला. कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लेखी कळवून तीस दिवस झाले, उत्तर नाही, म्हणून रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार टाकली आहे. एका वकिलाने ग्राहक आयोगासाठी १५,००० सांगितले. तिथे पाच लाखांपर्यंत फी नसते, वकील नसला तरी चालतं, मुदत दोन वर्षांची. हे मला वकिलाने नाही, झेरॉक्सवाल्याने सांगितलं.

यूपीआयने पैसे गेले असतील तर सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइन नंबरला त्याच तासात फोन करा, माझ्यासारखं ‘बघू, उघडतील’ म्हणत आठवडा घालवू नका. फोन दुसऱ्याच्या हातात देऊन फॉर्म भरून घेऊ नका. नोकरीची हमी तोंडी असेल तर ती हमी नाही. हे दहावीच्या पोरालाही ठाऊक असतं, मलाही होतं.

आमच्या बॅचचे अकरा जण आतापर्यंत सापडले आहेत. अकरा वेगवेगळे अर्ज टेबलावर पडून राहतात, एकत्र गेलो तर निदान खुर्ची तरी मिळेल. त्याच ऑफिसात पैसे भरलेलं आणखी कुणी असेल तर रविवारी सकाळी दहाला पार्क चौकात या. पावती, कर्जाचा करार आणि बँकेचा उतारा, तिन्हीच्या दोन-दोन झेरॉक्स आणा. मूळ कागद घरीच ठेवा, मी मागितले तरी देऊ नका.