रेंटल घर विकताय? १०३१ करायचं की टॅक्स भरून मोकळं व्हायचं

अमेरिकेत रेंटल घर विकायचं म्हटलं की सगळीकडून एकच सल्ला येतो, १०३१ करा (म्हणजे विकून आलेले पैसे दुसऱ्या गुंतवणुकीच्या प्रॉपर्टीत घालून टॅक्स पुढे ढकलायची कायद्यातली सोय), टॅक्स वाचेल. पण टॅक्स वाचत नाही, पुढे ढकलला जातो, आणि ढकलायचीसुद्धा किंमत असते, म्हणून आधी आकडे मांडूया.

समजा ३ लाख डॉलरला टाउनहाऊस घेतलं, जमीन सोडून बांधकामाचे २ लाख २० हजार, साडेसत्तावीस वर्षांच्या हिशोबाने वर्षाला ८ हजार डेप्रिसिएशन (बांधकामाची घसारा म्हणून मिळणारी वजावट), १० वर्षांत ८० हजार. आता खर्च वजा जाता ५ लाखाला विकलं तर गेन (नफा) २ लाख नाही, घेतलेलं डेप्रिसिएशन धरून २ लाख ८० हजार धरतात. त्यातल्या ८० हजारांवर २५ टक्क्यांपर्यंत रिकॅप्चर (आधी घेतलेल्या डेप्रिसिएशनवरचा टॅक्स), म्हणजे २० हजार, उरलेल्यावर बहुतेकांना १५ टक्क्यांनी ३० हजार, आणि नवराबायकोचा पगारच अडीच लाखांच्या वर असेल तर सगळ्या गेनवर आणखी ३.८ टक्के. फेडरलचेच ६० हजार झाले, स्टेटचा वेगळा.

१०३१ केलं तर हे ६० हजार आत्ता द्यायचे नाहीत, पुढच्या प्रॉपर्टीत कामाला लागतात, आणि मालक गेल्यावर मुलांसाठी टॅक्सच्या हिशोबात घराची किंमत त्या दिवसाच्या बाजारभावाने धरतात, म्हणजे ढकललेला गेन तिथेच संपतो. हे खरंच मोठं आहे. पण अटी कडक आहेत. पैसे तुमच्या खात्यात एक दिवससुद्धा येता कामा नयेत, क्वालिफाइड इंटरमीडियरीकडेच (पैसे सांभाळणाऱ्या त्रयस्थ मध्यस्थाकडेच) राहायला हवेत, आणि तुमचा नेहमीचा सीपीए (टॅक्स अकाउंटंट) किंवा वकील ते काम करू शकत नाही. क्लोजिंगपासून (विक्री पूर्ण होते त्या दिवसापासून) ४५ दिवसांत नवीन प्रॉपर्टी लेखी कळवायची, सहसा तीनपर्यंत, आणि १८० दिवसांत खरेदी पूर्ण. शनिवार रविवार धरून बरं का. वर्षाच्या शेवटी विकलं तर रिटर्नचं एक्स्टेन्शन घ्यायला विसरू नका, नाहीतर १८० दिवस एप्रिलमध्येच संपतात. ४५ दिवसांच्या घाईत लोक नको ते घर नको त्या भावाला घेतात, तिथे वाचलेला टॅक्स कधीच गेलेला असतो. शिवाय जुना बेसिस (टॅक्ससाठी धरलेली जुन्या घराची किंमत) नवीन घरावर येतो, त्यामुळे डेप्रिसिएशन कमी मिळतं, आणि थोडी कॅश काढून घेतली किंवा लोन कमी केलं आणि ती रक्कम खिशातून भरली नाही तर तेवढ्यावर टॅक्स लागतोच.

आता जे कुणी फारसं सांगत नाही ते. आयटीतल्या दोन पगारांच्या घरात उत्पन्न दीड लाखाच्या वर असतं, त्यामुळे रेंटलचा लॉस (भाड्यातून खर्च आणि डेप्रिसिएशन वजा केल्यावर कागदावर दिसणारा तोटा) सहसा दर वर्षी वापरता येत नाही, साठत जातो. घर सरळ विकलं तर तो सगळा मोकळा होतो आणि पगारातूनही वजा होतो. ५० हजार साठले असतील आणि तुम्ही २४ टक्क्यांच्या स्लॅबमध्ये असाल तर १२ हजार तिथेच सुटले. पूर्ण १०३१ मध्ये हा लॉस तसाच अडकून राहतो. म्हणून सीपीएकडून आधी फॉर्म ८५८२ वरचा, म्हणजे साठलेल्या लॉसचा, आकडा मागून घ्या, त्याशिवाय निर्णय घेऊच नका.

आणि परत जायचा विचार असेल तर? जर्सीचं घर विकून बाणेरला फ्लॅट घेतला तर १०३१ होत नाही, अमेरिकेतली आणि बाहेरची प्रॉपर्टी एकमेकांच्या बदल्यात चालत नाही. तुम्ही पुण्यात आणि टेनंटचा गळका नळ तिकडे, असं आणखी दहा वर्षं चालवायचं का हा प्रश्न आहे, आणि भारतात पूर्ण रेसिडेंट झाल्यावर तिथला कायदा १०३१ मानत नाही, म्हणजे तेव्हा १०३१ केलं तरी भारतात टॅक्स लागू शकतो. ५-७ वर्षांत परतणार असाल तर माझ्या मते टॅक्स भरा आणि सुटा.

इथेच राहणार, घरमालकी झेपतेय आणि एका घरातून दुसऱ्या चांगल्या घरात जायचंय, तर १०३१ बिनधास्त करा. टेनंटचा कंटाळा आलाय पण टॅक्सही नकोय अशांसाठी डीएसटी (डेलावेअर स्टॅच्युटरी ट्रस्ट) आहे, प्रॉपर्टी असलेल्या ट्रस्टमध्ये हिस्सा घ्यायचा, मॅनेजमेंट दुसऱ्याची, पण पैसे वर्षानुवर्षं अडकतात आणि फी तगडी असते, मी सगळे पैसे त्यात घालणार नाही.

काहीही ठरवा पण क्लोजिंगच्या आधी ठरवा, इंटरमीडियरीचा करार क्लोजिंगच्या आधी सही झालेला लागतो, नंतर कितीही धावपळ केली तरी १०३१ होत नाही.