निंबोळी तेल: आधी बाटलीवरचा आकडा बघा, मग जास्वंदीवर मारा

मुंबईतल्या कुठल्याही नर्सरीत ‘जास्वंदीवर पांढरा कापूस आलाय’ म्हटलं की समोर निंबोळी तेलाची बाटली येते. गॅलरीतल्या आणि सोसायटीच्या बागेतल्या झुडपांसाठी पहिली पसंती याच औषधाला द्यावी, असं आमचं मत आहे. मात्र ‘नीम ऑइल’ या एकाच नावाखाली दोन निराळ्या वस्तू विकल्या जातात, आणि ‘मारलं, पण फरक पडला नाही’ ही तक्रार बरेचदा तिथूनच सुरू होते.

एक म्हणजे घाण्याचं कच्चं तेल: दाट, पिवळट-तपकिरी, लसणासारख्या उग्र वासाचं. त्यात अझाडिरॅक्टिन, म्हणजे निंबोळीतलं किडीवर काम करणारं मुख्य द्रव्य, किती, हे सहसा लिहिलेलंच नसतं. किडीचं अंग माखून तिचा श्वास कोंडणं, एवढंच काम त्याच्याकडून नक्की धरावं. दुसरं म्हणजे कीटकनाशक म्हणून नोंदणी झालेलं तयार औषध. त्याच्या लेबलवर ३००, १५०० किंवा १०,००० पीपीएम (दहा लाख भागांत अझाडिरॅक्टिनचे किती भाग) असा आकडा, नोंदणी क्रमांक, बॅच आणि मुदत छापलेली असते. घरच्या बागेला १५०० पीपीएम, म्हणजे ०.१५ टक्के अझाडिरॅक्टिनचं औषध घ्या. लिटरला ३ ते ५ मिली लागतं आणि मोजायला सोपं जातं. १०,००० पीपीएमचं लिटरला १ ते ३ मिलीच घालायचं असतं, त्यामुळे सुई नसलेली सिरिंज हाताशी हवी. ३०० पीपीएमचं औषध माव्यापुरतं ठीक, पिठ्या ढेकणापुढे, म्हणजे त्या पांढऱ्या कापसासारख्या किडीपुढे, कमी पडतं. लेबलवर वेगळं प्रमाण असेल तर तेच पाळा.

अझाडिरॅक्टिन कीड जागच्या जागी मारत नाही. किडीचं खाणं मंदावतं आणि पिल्लांचं कात टाकणं बिघडतं. म्हणून दुसऱ्या दिवशी कीड हलताना दिसली तर घाबरून मात्रा वाढवू नका. ७ दिवसांच्या अंतराने ३ फवारण्या झाल्यावरच निकाल ठरवा.

कीड कोणती, यावर सगळं अवलंबून. कोवळ्या शेंड्यावर हिरवे-काळे बारीक किडे दाटीने बसले असतील तर तो मावा. इथे हे औषध उत्तम चालतं. पान हलवताच पांढरे ठिपके उडाले तर पांढरी माशी. उडणाऱ्या माशीवर परिणाम कमी, पण पानामागच्या पिल्लांवर चांगला. फांदीला चिकटलेले, नखाने खरवडून निघणारे तपकिरी खवले म्हणजे खवले कीड. तिच्यावर नुसतं निंबोळी तेल मारण्यात वेळ जातो. जुना टूथब्रश साबणाच्या पाण्यात बुडवून घासा, नाहीतर ती फांदी छाटा. मोगऱ्याची कळी आतून पोखरली असेल तर फवारा अळीपर्यंत पोचतच नाही. तशा कळ्या तोडून पिशवीत बंद करून टाका.

मुंबईच्या जास्वंदीचा खरा शत्रू पिठ्या ढेकूण. शेंड्याची पानं चुरगळून गुच्छ झाला आणि आत पांढरी पूड दिसली तर तो आलाच. मादीच्या कापसासारख्या पिशवीत शेकडो अंडी असतात. अंगावरच्या मेणामुळे पाणी घसरून जातं, म्हणून थेट फवारणी वाया जाते. आधी चुरगळलेले शेंडे कापा. मग पाण्याच्या जोरदार धारेने फांद्यांचे बेचके धुवा. उरलेल्या ढेकणांवर ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेला कापूस टेकवा. झाड सुकलं की संध्याकाळी औषध. पिशवीबाहेर पडलेली, अजून मेण न चढलेली पिल्लं याच औषधाने आवरतात, आणि दर आठवड्याची फवारणी त्यांच्यासाठीच असते.

मुंग्यांकडे बहुतेकांचं दुर्लक्ष होतं. ढेकणाच्या गोड चिकट स्रावासाठी त्या त्याची राखण करतात, आणि त्याच स्रावावर पानांना काजळीसारखी बुरशी धरते. कुंडी भिंतीला, ग्रिलला टेकू देऊ नका. खोडाला कागदी टेपचा पट्टा गुंडाळून त्यावर व्हॅसलिन लावा. कुंडीखाली पाण्याची थाळी ठेवण्याचा सल्ला मुंबईत अजिबात पाळू नये, डासांच्या अळ्या होतात.

ढेकणांच्या घोळक्यात त्यांच्यापेक्षा मोठी, लांब मेणाचे धागे असलेली आणि भराभर चालणारी पांढरी अळी दिसली तर हात आवरा. ती ढेकूण खाणाऱ्या क्रिप्टोलेमस भुंगेऱ्याची अळी असू शकते. त्या फांदीवर काहीच मारू नका.

कच्चं तेल वापरायचं असेल तर १ लिटर कोमट पाणी, ५ मिली तेल, १ मिली भांडी घासायचं लिक्विड. थोड्या पाण्यात आधी साबण, मग तेल, आणि दुधासारखं पांढरं होईपर्यंत घुसळा. उरलेलं पाणी शेवटी. तेलाचे थेंब वर तरंगत राहिले तर पानं करपतात आणि नोझल तुंबतं. तयार औषधात साबण लागत नाही. दोन्ही मिश्रणं त्याच दिवशी संपवा, कारण पाण्यात अझाडिरॅक्टिन टिकत नाही. उन्हातही ते लवकर नासतं, शिवाय तेलकट पान भाजतं; म्हणून ऑक्टोबरच्या उन्हात तर सूर्य उतरल्यावरच फवारा. आधी २-३ पानांवर मारून दोन दिवस बघा. फवारा पानांच्या मागून, खालून वर.

जून ते सप्टेंबर उघड्या बागेत हे औषध धुऊन जातं. तेव्हा छाटणी आणि हाताने वेचणं यांवरच भर द्या, आणि पाऊस नसेल तेव्हाच फवारा.

१०० मिलीची बाटली पुरे. लिटरला ५ मिली धरलं तर २० लिटर मिश्रण होतं. दहा-बारा कुंड्यांना एका वेळी साधारण लिटरभर लागतं. स्वस्त पडतो म्हणून मोठा कॅन घेऊ नका, मुदत उलटली की जोर उतरतो. बाटली अंधाऱ्या कपाटात, मुलांच्या हाताबाहेर.