इंटर्नला विचार करायला शिकवताना : वन मिनिट प्रीसेप्टर की स्नॅप्स?

फिजिओथेरपीच्या ओपीडीत इंटर्नवर देखरेख करताना आपण बहुधा त्याची केस ऐकतो, उपचार सांगतो आणि पुढच्या रुग्णाकडे वळतो. त्याने काम निभावते, पण निदानापर्यंतची वाट इंटर्नच्या पायाखालची होत नाही. त्यासाठी अमेरिकेत डॉक्टरांच्या प्रशिक्षणातून पुढे आलेल्या दोन पद्धती विचारात घेण्याजोग्या आहेत : १९९२ची वन मिनिट प्रीसेप्टर आणि २००३ची स्नॅप्स.

पहिलीत सूत्रे मार्गदर्शकाकडे असतात. समजा, मधुमेह असलेल्या पन्नाशीच्या बाईंचा खांदा दुखतो आहे आणि इंटर्न म्हणतो, "मॅडम, फ्रोझन शोल्डर वाटतंय," म्हणजे खांद्याचा सांधाच आखडलेला. मॅडम चूक-बरोबर न सांगता "कशावरून?" असे विचारतात. हात वर जात नाही, असे उत्तर येते. "त्यांना उचलता येत नाही, की तू उचललास तरी जात नाही?" इथे इंटर्न थबकतो, कारण त्याने रुग्णाला फक्त हात उचलायला सांगितलेले असते. तो परत जातो, कोपर अंगालगत ठेवून त्यांचा हात स्वतः बाहेर वळवून पाहतो. तेथेही खांदा अडला तर अंदाजाला बळ मिळते, सहज वळला तर रोटेटर कफचा, म्हणजे खांदा फिरवणाऱ्या स्नायूंच्या दुखण्याचा, विचार करावा लागतो. मग मॅडम त्यामागचा नियम सांगतात, काय जमले आणि काय राहिले तेही नेमके सांगतात. गर्दीच्या ओपीडीत हे काही मिनिटांत होते.

स्नॅप्समध्ये इंटर्नच केस थोडक्यात मांडतो, दोन-तीन शक्यता ताडून पाहतो, आपली शंका विचारतो, उपचार सुचवतो आणि वाचनासाठी एक मुद्दा निवडतो. "सर काय म्हणतील" या धाकाने शंका गिळण्याची आपल्याकडची सवय पाहता, शंका विचारणे हीच एक ठरलेली पायरी असणे मला फार मोलाचे वाटते. मात्र ज्याला दुसरी शक्यताच सुचत नाही, असा नवखा इंटर्न यात चाचपडतो, आणि मार्गदर्शकालाही उत्तर माहीत असून गप्प बसावे लागते.

म्हणून सुरुवातीचे काही आठवडे पहिली पद्धत वापरावी आणि नंतर रोज एक निवडक केस स्नॅप्सने घ्यावी, असे माझे मत आहे. कोणतीही निवडली तरी रुग्णादेखत उलटतपासणी नको. शिवाय दोन्ही पद्धती उपचार ठरवण्यापाशी थांबतात, आपला रुग्ण मात्र आठवडेच्या आठवडे येत राहतो, तेव्हा "चार सत्रांनंतर काय बदललेले दिसायला हवे, आणि नाही दिसले तर काय करशील?" हा प्रश्न आपण आपल्या बाजूने जोडावा आणि त्याचे उत्तर इंटर्नकडून पहिल्याच दिवशी केसपेपरवर लिहून घ्यावे.