खडी क्रशरची धूळ: पाण्याचे फवारे की बंद शेड आणि बॅग फिल्टर?

खाणवाला गावाला विचारतोय की फवारे बसवू की क्रशर शेडने झाकून बॅग फिल्टर (धुळीची हवा कापडी पिशव्यांतून ओढून गाळणारं यंत्र) लावू, आणि गावात दोन गट पडलेत. यंत्र विकणाऱ्यांच्या माहितीपत्रकातलं '१०० टक्के धूळमुक्त' बाजूला ठेवा.

खर्चात फवारे स्वस्त, पाईप नोझल पंप एवढंच, पण पाणी रोज लागतं आणि उन्हाळ्यात नेमकी धूळ जास्त तेव्हाच पाणी कमी, मग गावाची विहीर आणि खाण एकाच पाण्यावर भांडणार, हे आधीच बोलून घ्या. शेड-फिल्टरला सुरुवातीला बराच पैसा, वर वीज, आणि पिशव्या फाटल्या की बदलाव्याच लागतात.

आता मुख्य गोष्ट म्हणजे फुफ्फुसं. डोळ्याला दिसते ती जाड धूळ फवाऱ्याने बसते, पण सिलिकाचे (दगडातल्या एका खनिजाचे) अगदी बारीक कण मोठ्या थेंबांना चुकवून निघून जातात, आणि सिलिकोसिस (हे कण श्वासातून जाऊन होणारा फुफ्फुसाचा आजार) एकदा झाला की बरा होत नाही. इथे नीट चालवलेला बॅग फिल्टर सरळ पुढे आहे. फक्त जमलेली भुकटी उघड्यावर टाकली तर सगळं वाया.

देखभाल दोन्हीकडे लागते. नोझल तुंबतात, पिशव्याही तुंबतात.

डंपरच्या कच्च्या रस्त्याला मात्र फिल्टरचा काही उपयोग नाही, तिथे पाणी मारणं आणि ताडपत्री झाकणंच.

क्रशर लहान, वस्ती लांब, पाणी भरपूर असेल तर फवारे चालतील. शाळा, घरं जवळ असतील किंवा पाण्याची टंचाई असेल तर बॅग फिल्टरच मागा, स्वस्तावर मान डोलावू नका.