मारा की सेरेंगेटी? कॅमेरा घेऊन जाणार असाल तर आधी हे बघा

आमच्या ताडोबाच्या ग्रुपमधल्या कोणाच्या तरी घरी आफ्रिकेचं ठरायला लागलं की मला फोन येतो, ताई मारा करू की सेरेंगेटी, आणि लगेच दुसरा प्रश्न, लेन्स कोणती घेऊ. मी दोन्हीकडे जाऊन आलेय, मसाई मारा सप्टेंबरमध्ये आणि सेरेंगेटी फेब्रुवारीत, तेव्हा दर वेळी फोनवर तासभर बोलण्यापेक्षा एकदा नीट लिहूनच काढते.

पहिलं म्हणजे हे दोन वेगळे जंगल नाहीयेत, एकच गवताळ प्रदेश आहे, मधून केनिया आणि टांझानियाची बॉर्डर गेलीये एवढंच. वाइल्डबीस्ट (तिकडची मोठी, गायीसारखी दिसणारी हरणं) आणि झेब्रे वर्षभर पावसामागे गोल फिरत असतात, त्यांना कागदपत्रं लागत नाहीत, आपल्याला लागतात. आणि मारामधून सरळ सेरेंगेटीत उतरता येत नाही, तो रस्ता टुरिस्टसाठी 1977 पासून बंद आहे, इसेबानियाच्या सरहद्दीवरच्या नाक्यावरून लांबचा वळसा घालावा लागतो आणि त्यात एक अख्खा दिवस जातो. त्यामुळे सात दिवसांत दोन्ही बसवून देतो असं कोणी म्हणालं तर नको म्हणा, निम्मा वेळ गाडीत धूळ खाण्यात जाईल आणि कॅमेरा बॅगेतच राहील.

आकाराचा अंदाज यावा म्हणून सांगते, मारा रिझर्व्ह साधारण 1,510 चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या ताडोबाच्या कोअर-बफर मिळून क्षेत्रापेक्षा जरा कमीच. सेरेंगेटी 14,763, जवळजवळ अख्खा पुणे जिल्हा! हा आकडा फोटोवाल्यांसाठी महत्त्वाचा आहे, कारण मारामध्ये कॅम्पमधून निघाल्यावर अर्ध्या तासात काहीतरी समोर असतं, सिंहांचा कळप, टेकाडावर उभं टोपी नावाचं हरीण, तरसांची बिळं. सेरेंगेटीत तुम्ही चुकीच्या महिन्यात चुकीच्या भागात राहिलात तर मोठा कळप दीडशे किलोमीटर लांब असतो आणि तो त्या ट्रिपमध्ये दिसत नाही म्हणजे नाही. म्हणून तिथे आधी महिना ठरवायचा, मग महिन्याप्रमाणे कॅम्पची जागा, आणि बाकी सगळं नंतर.

आता क्रॉसिंगबद्दल, म्हणजे कळप नदी ओलांडतात त्याबद्दल, कारण सगळ्यांना तेच हवं असतं. मारा नदी दोन्ही देशांत आहे, त्यामुळे जुलै ते ऑक्टोबर केनियातून पण दिसतं आणि टांझानियाच्या उत्तरेला कोगाटेंडेमधून पण दिसतं. मी मारामध्ये सलग तीन दिवस नदीवर बसले. पहिल्या दिवशी साडेतीन तास, हजारभर वाइल्डबीस्ट काठावर येऊन उभे, पुढचा एक खाली उतरला, पाण्याचा वास घेतला आणि मागे फिरला, की सगळा कळप मागे. दुसऱ्या दिवशी काहीच नाही. तिसऱ्या दिवशी एका झेब्र्याने उडी टाकली आणि मग बांध फुटावा तसं झालं, धूळ एवढी की पलीकडचा काठ दिसेना, ओरडण्याचा तो घोगरा आवाज, ओल्या मातीचा आणि शेणाचा वास, आणि बारा-पंधरा मिनिटांत संपलंसुद्धा. फोटो चांगले आले पण खरं सांगू का, आमच्या बाजूला चाळीसेक गाड्या होत्या आणि माझ्या निम्म्या फ्रेममध्ये कोणाचं तरी टपावरचं डोकं आहे. ऐन सीझनला टांझानियाच्या बाजूलाही आता गर्दी असते. फक्त क्रॉसिंगसाठी जात असाल तर नदीजवळ किमान चार रात्री धरा, दोन रात्रींत मिळालं तर ते नशीब.

पण माझ्या मते निर्णय क्रॉसिंगवर करूच नका. निर्णय दोन गोष्टींवर करा, गाडी प्राण्याच्या किती जवळ जाऊ शकते आणि गाडीत किती माणसं आहेत. बाकी लेन्स, बजेट सगळं त्यातूनच ठरतं.

मारा रिझर्व्हमध्ये रस्ता सोडून जायला मनाई आहे. सेरेंगेटी नॅशनल पार्कमध्येही तेच, बिबट्या झाडावर दोनशे मीटरवर असेल तर तो दोनशे मीटरवरच राहणार. पण माराच्या उत्तर-पूर्वेला मसाई लोकांच्या जमिनी एकत्र करून केलेल्या कॉन्झर्व्हन्सी आहेत, मारा नॉर्थ, ओलारे मोटोरोगी, नाबोइशो वगैरे, जमिनीचं भाडं थेट त्या कुटुंबांना जातं आणि प्रवेश फक्त तिथल्या कॅम्पमध्ये राहणाऱ्यांनाच. तिथे ऑफ-रोड चालतं, रात्रीची सफारी चालते, आणि एका साइटिंगवर मोजक्याच गाड्या सोडतात. एका सकाळी एक चित्तीण आणि तिची तीन पिल्लं, आमची एकच गाडी, ड्रायव्हरने इंजिन बंद करून सूर्य आमच्या पाठीमागे येईल अशी गाडी लावली आणि आम्ही दोन तास तिथेच. पिल्लं आईच्या शेपटीशी खेळत होती, मग एक पिल्लू आमच्या टायरच्या सावलीत येऊन बसलं, लेन्सच्या मिनिमम फोकसच्या आत, म्हणजे फोकसच होणार नाही इतकं जवळ, फोटो काढताच येईना, नुसती बघत बसले. ताडोबात चार तासांच्या सफारीत वाघ दोन मिनिटं दिसला तर आपण आठवडाभर सांगतो, इथे एकाच प्राण्याबरोबर दोन तास बसायला मिळतं आणि फोटो त्या दोन तासांतच घडतो, पहिल्या पाच मिनिटांत नाही.

टांझानियात अशी सोय एनडुटूला आहे. हा भाग सेरेंगेटीच्या दक्षिणेला, पण मोडतो गोरोंगोरो कॉन्झर्व्हेशन एरियात, म्हणून ऑफ-रोड चालतं. (सीमा डोळ्यांना दिसत नाही, ड्रायव्हरला माहिती असते, पलीकडे चला म्हणून त्याला गळ घालू नका, दंड त्याला होतो.) जानेवारीच्या शेवटापासून मार्चपर्यंत सगळा कळप इथे विणीला येतो, कारण जुन्या ज्वालामुखींच्या राखेमुळे इथल्या आखूड गवतात कॅल्शियम-फॉस्फरस भरपूर असतं आणि दूध पाजणाऱ्या माद्यांना तेच हवं असतं. बहुतेक पिल्लं दोन-तीन आठवड्यांतच जन्मतात. मी एक जन्म पूर्ण बघितला, पिल्लू पडलं, पाय फाकवून उठायचा प्रयत्न, पडलं, परत उठलं, आणि घड्याळात सात मिनिटं झाली तेव्हा ते आईमागे पळत होतं, अंगावर वार अजून तशीच ओली. आणि सपाट, आखूड गवत असल्यामुळे चित्त्याची शिकार सुरुवातीपासून शेवटपर्यंत दिसते, मध्ये झुडूप येत नाही. ॲक्शन फोटो हवे असतील तर मला विचाराल तर एनडुटू क्रॉसिंगपेक्षा कितीतरी चांगलं. फक्त वेळेचा भरवसा नाही, पाऊस लांबला तर कळपही लांबतो.

लँडस्केपमध्ये सेरेंगेटी एकदम पुढे. मोरू आणि सिंबा कोप्ये म्हणून मोठमोठे दगडांचे ढीग आहेत, त्यावर सिंह बसलेला असतो आणि मागे क्षितिजापर्यंत काहीच नाही, पार्कच्या मध्यभागी सेरोनेराच्या नदीकाठी सॉसेज ट्रीवर बिबटे. मारा त्यापेक्षा हिरवं आणि चढउताराचं, एकट्या बाभळीमागे सूर्योदय हा फोटो तिथे सहज मिळतो. दोन्ही जागा विषुववृत्ताजवळ, त्यामुळे सोनेरी उजेड पटकन संपतो, साडेसहाला सूर्य वर आला की आठ-साडेआठपर्यंत खरं काम करून घ्या. अकरानंतर जमिनीतून वाफा निघायला लागतात आणि लांबचा फोटो कितीही भारी लेन्स असली तरी मऊच येतो, त्याला फोकसची चूक समजून सेटिंग बदलत बसू नका.

आता लेन्स. कॉन्झर्व्हन्सी किंवा एनडुटू असेल तर 100-400 (मिलिमीटरची झूम) पुरते, मनापासून सांगते पुरते, उलट माझ्याकडचे आवडते फोटो 200 च्या आसपासचे आहेत. पार्कच्या रस्त्यावरूनच बघायचं असेल तर 150-600 किंवा 200-600 न्या. दुसऱ्या कॅमेरा बॉडीवर 24-70 किंवा 70-200 हवीच, धुळीत लेन्स बदलायचीच नाही. मोठी प्राइम (झूम न होणारी, महागडी लेन्स) विकत घेऊ नका, पुण्या-मुंबईत भाड्याने मिळते, आणि वाचलेले पैसे गाडीत घाला. हे कळकळीने सांगतेय कारण माझ्या पहिल्या ट्रिपला एका टूर कंपनीने, नाव नको, एका व्हॅनमध्ये आम्हाला सात जणांना बसवलं, टप उघडलं की सातही जण उभे, कोणीतरी हललं की गाडी हलते आणि सिंहीण उठली तेव्हा माझ्यासमोर दुसऱ्याची टोपी! दुसऱ्या वेळी तिघांत एक लँडक्रूझर घेतली, प्रत्येकाला अख्खी रांग, डावी-उजवी दोन्ही खिडक्या. बुकिंगच्या आधी लेखी विचारा, एका गाडीत किती, आणि गाडी बाजूने उघडी आहे की फक्त वरून. टांझानियात बहुतेक गाड्या बंद बाजूच्या, टप वर उचलणाऱ्या असतात, टपावरून काढला की प्राणी वरून बघितल्यासारखा येतो, खिडकीतून खाली बसून काढा, डोळ्याच्या पातळीवर. केनियात कॉन्झर्व्हन्सीच्या कॅम्पकडे बाजूने उघड्या गाड्या असतात, तो एक मोठा फायदा.

पैशाचं, 2024 पासून मारा रिझर्व्हची फी परदेशी माणसाला दिवसाला जानेवारी-जून 100 डॉलर आणि जुलै-डिसेंबर 200 डॉलर, तिकीट सकाळी सहा ते संध्याकाळी सहा. सेरेंगेटी मी गेले तेव्हा 70 डॉलर अधिक 18 टक्के कर होतं, आणि वाटेत गोरोंगोरोच्या विवरात उतरायचं तर गाडीमागे 250 डॉलर अधिक कर वेगळे. म्हणजे फीला टांझानिया स्वस्त दिसतं, पण अंतरं मोठी, टांझानियातल्या अरुशा शहराहून सेरोनेरा आठ तास, त्यामुळे दिवस वाढतात आणि शेवटी हिशोब तिथेच येतो. मुंबईहून नैरोबीला थेट विमान आहे, तिथून माराला रस्त्याने पाच-सहा तास नाहीतर विल्सन विमानतळावरून छोटं विमान, पण त्यात सामान 15 किलो आणि मऊ बॅगेतच, कॅमेऱ्याची कडक पेटी चालत नाही. केनियाला जायचं म्हणजे परत येताना यलो फीव्हरचं कार्ड लागतंच, लस निघायच्या किमान दहा दिवस आधी घ्या.

तर पहिल्यांदाच जाताय, सहा-सात दिवस आहेत, सुट्टी जुलै ते ऑक्टोबरमधली आहे, तर मारा, त्यातही तीन रात्री कॉन्झर्व्हन्सीत आणि दोन नदीजवळ. जानेवारी-फेब्रुवारीत सुट्टी मिळत असेल आणि आठ-नऊ दिवस काढता येत असतील तर डोळे झाकून एनडुटू, चार रात्री तिथेच, मग दोन सेरोनेराला. सोबत कॅमेरा नसलेली मंडळी, मुलं, आईबाबा असतील तर मारा, प्रवास कमी आणि प्राणी लवकर दिसतात. एप्रिल-मे मध्ये दोन्हीकडे धो धो पाऊस, काळी माती, गाड्या रुततात, स्वस्त पॅकेज बघून भुलू नका.

बारीकसारीक थोडं. निघताना विमानतळावर कस्टममध्ये कॅमेऱ्याचं एक्सपोर्ट सर्टिफिकेट करून घ्या, परतताना वाद होत नाही. आर्मी प्रिंटचे जॅकेट घरीच ठेवा, तिकडे ते लष्कराचे समजतात. निळे-काळे कपडेही नकोत, सेरेंगेटीच्या झाडीत त्से-त्से माश्या त्यावरच येतात आणि जीन्समधूनसुद्धा चावतात. प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर दोन्ही देशांत बंदी आहे, लेन्स गुंडाळायला कापडी पिशवी किंवा जुनी सुती ओढणी न्या, धुळीला तीच बरी पडते. चार्जरला ब्रिटिश चौकोनी तीन पिनांचा ॲडॉप्टर. आणि लेन्स टेकवायची बीनबॅग रिकामीच न्यायची, तिकडे पोचल्यावर बाजारातून चार किलो तांदूळ घेऊन भरायची, ट्रायपॉडपेक्षा गाडीत तीच कामाची. शेवटच्या दिवशी आमच्या ड्रायव्हरदादांना ते तांदूळ दिले, त्यांनी आधी मुठीत घेऊन वास घेतला, पिशवीचं तोंड नीट बांधलं आणि पुढच्या सीटवर स्वतःच्या जॅकेटखाली ठेवली.