ब्लूज कविता शिकायची: आधी कानाने की आधी पुस्तकातून?

ब्लूजच्या, म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या लोकगाण्याच्या, अंगाने कविता लिहायची तर शिकण्याच्या दोन वाटा आहेत. एक, 1920 आणि 30च्या दशकांतल्या तबकड्या ऐकत बसायचं: बेसी स्मिथ, सन हाउस, रॉबर्ट जॉन्सन. दुसरी, लँग्स्टन ह्यूज आणि स्टर्लिंग ब्राउन या कृष्णवर्णीय अमेरिकन कवींनी ते गाणं कागदावर कसं आणलं ते वाचायचं. पुढेमागे दोन्ही करावंच लागतं, पण सुरुवात कुठून करायची हे ठरवताना मी बहुतेकांना कानाची वाट सुचवेन.

कारण कडव्याचा साचा पाच मिनिटांत समजतो. एक लांब ओळ, तीच पुन्हा, मग त्यांच्याशी यमक जुळवणारी तिसरी. ह्यूजने 1927च्या संग्रहातल्या टिपणात हे थोडक्यात सांगितलंय. दुसरी ओळ कधी किंचित बदलते, हेही. खरी मेख त्या दुसऱ्या ओळीतच आहे. पानावर ती नुसती भरताड वाटते. गाण्यात मात्र 12 बारांच्या (बार म्हणजे चार ठोक्यांचा तालाचा तुकडा) आवर्तनात प्रत्येक ओळीला 4 बार मिळतात, गायिका साधारण निम्म्यात ओळ संपवते आणि उरलेल्या जागेत वाद्य उत्तर देतं. 1925ची ‘सेंट लुईस ब्लूज’ची तबकडी ऐका. बेसी स्मिथ थांबली की लुई आर्मस्ट्राँगचा कॉर्नेट, हे ट्रम्पेटसारखं फुंकवाद्य, बोलतो, आणि त्यानंतर तेच शब्द परत आले की जड झालेले असतात. हे वाचून कळत नाही.

मराठीत एक कडवं रचून पाहू:

शेवटची लोकल गेली, मी पुलावरच राहिले
हो, शेवटची लोकल गेली नि मी पुलावरच राहिले
ज्याच्यासाठी थांबले, त्याला पुढच्या डब्यात पाहिले

दुसऱ्या ओळीत फक्त ‘हो’ आणि ‘नि’ वाढलेत. पण पहिली ओळ नुसती बातमी देते, दुसरीत बाई ते स्वतःशी कबूल करते. तिसरीने रडू नये, डाव उलटवावा. ब्लूज म्हणजे दुःखाचं गाणं एवढंच धरून बसलेले इथेच फसतात आणि तिसऱ्या ओळीतही पहिल्याच दोन ओळींचं रडगाणं लावतात.

आता पुस्तकाची बाजू. हेच कडवं ह्यूजच्या पद्धतीने मांडलं तर प्रत्येक ओळ मधे तोडून सहा ओळी होतील, म्हणजे गाण्यातला थांबा डोळ्यांना दिसेल. ही युक्ती तबकडी शिकवत नाही. त्याच्या 1926च्या संग्रहातल्या ‘द वेअरी ब्लूज’ या कवितेत तर हार्लेम या न्यूयॉर्कच्या कृष्णवर्णीय वस्तीतला पियानोवादक मुक्त ओळींत वर्णन केलाय आणि त्याचं गाणं मधे जसंच्या तसं गुंफलंय. ब्राउनचा 1932चा संग्रह अमेरिकेच्या दक्षिणेतल्या खेड्यांची आणि कष्टकऱ्यांची बोली घेऊन येतो. बोलीत लिहिणाऱ्याला तो जास्त जवळचा वाटेल.

म्हणून तुम्ही मुक्तछंदातून येत असाल तर ह्यूजपासून सुरुवात केली तरी चालेल, कारण तुम्हाला आधी बांधणी हवी आहे. गझल किंवा वृत्तातून येत असाल तर मात्र पुस्तक काही दिवस बाजूला ठेवा. मात्रा मोजायची सवय इथे आड येते. ब्लूजची ओळ गाणाऱ्याच्या श्वासाप्रमाणे ताणली आणि आवळली जाते.

खर्चाचा प्रश्न फारसा नाही. जुनं ध्वनिमुद्रण इंटरनेटवर फुकट ऐकायला मिळतं आणि ह्यूजचे पहिले दोन संग्रह अमेरिकेत स्वामित्वहक्कातून मोकळे झालेत. कानाच्या वाटेची खरी अडचण म्हणजे शब्द कळत नाहीत: तबकडीची खरखर, त्यात दक्षिणेतले उच्चार. छापील पाठही एकमेकांशी जुळत नाहीत.

एक आग्रह दोन्ही वाटांवर. हे गाणं गुलामगिरी संपल्यानंतरही बटाईच्या शेतीत आणि वंशभेदाच्या कायद्यांत अडकलेल्या माणसांचं आहे. त्यांचा कापूस, त्यांची मिसिसिपी आपल्या कवितेत उसनी आणू नका. घाट घ्या, माणसं आपली असू द्या. अरुण कोलटकरांनी एका मुलाखतीत आपल्यावरच्या प्रभावांची जी लांबलचक यादी दिली, तिच्यात तुकाराम, जनाबाईंबरोबर रॉबर्ट जॉन्सन आणि मडी वॉटर्स हे ब्लूज गायकही आहेत. तेव्हा ही ये-जा आपल्याकडे नवी नाही.

सुरुवात बेसी स्मिथपासून करा, तिचे शब्द स्वच्छ ऐकू येतात. चार्ली पॅटन हा गायक थोर आहे, पण त्याचे शब्द जाणकारांनाही नीट लागत नाहीत. त्याला नंतरसाठी ठेवा.